उच्च रक्तदाब : साध्या व्यायामाचे साहाय्य

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या गावी आरोग्य तपासणीचे शिबिर भरले आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने रक्तदाबाच्या रुग्णास व्यायामाचा सल्ला दिला, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम तो कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर दिल्यावाचून पुढचे मार्गदर्शन ऐकून घेतले जात नाही.

या दोन तालुक्यांचे श्रमाच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पश्चिमेला नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंतचा डोंगरपट्टा आहे. तेथे भातखाचरांची लावणी, हिरड्याची गोळाबेरीज, वाडीवरून बाजाराच्या गावी चढउतार करीत जाणे, हे श्रम अद्याप अंगावरचेच आहेत. परंतु ते हंगामी आहेत. लावणीच्या दिवसांत पाठ मोडेपर्यंत काम आणि पुढे कित्येक आठवडे त्या मानाने स्वस्थता. पूर्वेकडील भागाचे चित्र कुकडी प्रकल्पाच्या आणि डिंभे धरणाच्या पाण्याने पालटले. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे ही पिके आली आणि त्यांच्याबरोबर विजेचा पंप, ट्रॅक्टर, ठिबक सिंचन आणि मोटारसायकलही आली. घरापासून मळ्यापर्यंतचे अंतर पूर्वी पायी तोडले जाई, ते आता गाडीवर जाते. पाण्याची पाळी धरण्यासाठी रात्रभर बांधावर फिरणारा शेतकरी आता कळ दाबून परततो. शिक्षक, ग्रामपंचायतीचे सेवक, दुकानदार आणि बाजार समितीतील आडते यांचे काम तर बैठेच आहे.

जे श्रम उरले आहेत त्यांचाही प्रकार पाहिला पाहिजे. कांद्याची गोणी पाठीवर घेताना माणूस श्वास कोंडतो आणि तेवढ्या क्षणापुरता रक्तदाब एकदम चढतो. खुरपणी करणारी स्त्री दिवसभर वाकलेली असते. तिची कंबर दुखते, पण तिच्या हृदयाला सलग अर्धा तास मध्यम गतीने चालण्याचे काम मिळतेच असे नाही. श्रमाने थकवा येतो हे खरे. रक्तदाब उतरण्यासाठी मात्र वर्षभर टिकणारी नियमितता आणि अंगाला सोसेल अशी सावकाश वाढत जाणारी मात्रा लागते, आणि तिचे नियोजन शेताचा हंगाम करीत नाही. ते ज्याचे त्याला करावे लागते.

उच्च रक्तदाब हा शहरातील सुखवस्तू लोकांचा विकार, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. याचा अर्थ साधारणपणे चार-पाच प्रौढ माणसांमागे एक. शंभर उंबऱ्यांच्या गावात अशी कितीतरी माणसे असतील, आणि त्यांपैकी अनेकांना त्याचा पत्ताही नसेल. कारण हा विकार दुखत नाही, खुपत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि डोके उतरले म्हणजे दाब उतरला, असा हिशेब पुष्कळ लोक करतात. तो चुकीचा आहे. दाब वर्षानुवर्षे चढलेला राहतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण होत जातात, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे झिजतात आणि एखाद्या सकाळी घरचा कर्ता पुरुष अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो. त्या दिवशी घरातील माणसे म्हणतात, ‘काल तर चांगला होता.’

म्हणून व्यायामाच्या आधी मोजमाप. वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक, असे निरनिराळ्या दिवशी आढळल्यास उच्च रक्तदाब मानतात. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवलेला असावा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी घेतलेली नसावी. मोजताना बोलू नये. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी उन्हातून चालत येऊन, रांगेत उभे राहून, गप्पा मारीत घेतलेला आकडा फसवा असतो. आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची ती व्हावी अशी शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाची अपेक्षा आहे आणि आशा स्वयंसेविका त्यासाठी घरोघर नोंदी करतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

चालणे

व्यायामांत पहिले स्थान चालण्याला द्यावे लागते, कारण त्यास काही खर्च नाही आणि शिकवावेही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आठवड्यातील पाच दिवस अर्धा अर्धा तास, असे त्याचे सोपे गणित होते. गती किती असावी? मिनिटास सुमारे शंभर पावले. घड्याळ नसेल तर दुसरी कसोटी आहे : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजून गती ठरविण्याची पद्धत रक्तदाबाच्या रुग्णास नेहमी उपयोगी पडत नाही. काही औषधांनी नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात.

चालताना स्नायूंना अधिक रक्त लागते, म्हणून लहान रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचे द्रव्य स्रवते व ते वाहिन्यांना सैल करते. चालणे थांबल्यावरही हा सैलपणा काही तास टिकतो, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत. येथेच नियमिततेचे मर्म आहे. एका दिवसाच्या व्यायामाची शिदोरी जवळजवळ एका दिवसापुरतीच पुरते. महिनोन्‌महिने तो चालू ठेवला तर मात्र वाहिन्यांची आणि त्यांच्यावर हुकमत ठेवणाऱ्या मज्जातंतूंची सवयच बदलते. सोडून दिला, की काही आठवड्यांत दाब पुन्हा पूर्वपदावर येतो.

आता या भागापुरती एक अडचण. ‘पहाटे उठून फिरावयास जावे’ हा सल्ला आरोग्याच्या पुस्तकांत सर्वत्र आढळतो. पुणे शहरातील बागेत तो ठीक आहे. उसाच्या पट्ट्यात तो जसाच्या तसा देता येणार नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. येथील दाट उसात बिबट्याने घर केले आहे, त्याची पिल्लेही तेथेच होतात, आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्यामुळेच महाराष्ट्रभर ठाऊक झाले. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधार हीच बिबट्याच्या वावराची वेळ. अशा रस्त्याने एकट्याने, मुकाट्याने फिरणे हे धाडस झाले. तेव्हा चांगले उजाडल्यावर अथवा उन्हे कलल्यावर पण प्रकाश असताना, दोघातिघांनी मिळून, बोलत चालावे. रक्तदाबास पहाटेचेच चालणे लागते असे नाही. दिवसातील कोणतीही वेळ चालते, फक्त भर दुपारचे ऊन आणि जेवणानंतरचा तास टाळावा. लघवी अधिक होण्याची गोळी चालू असलेल्यांना उन्हात चक्कर येण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण रस्त्यांची. ऊस, कांदा व टोमॅटो वाहणाऱ्या गाड्यांनी गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने साठीच्या गृहस्थाने चालणे सुरक्षित नाही, आणि स्त्रियांना तर ‘नुसतेच फिरावयास जाणे’ अनेक गावांत आजही संकोचाचे वाटते. यावर शाळेचे पटांगण हा सर्वांत जवळचा उपाय आहे. पंचवीस मीटर लांब व तितकेच रुंद असे लहानसे पटांगण असले तरी त्याच्या कडेने एक फेरी म्हणजे शंभर मीटर. बावीस-पंचवीस फेऱ्यांत अर्धा तास सहज होतो.

भिंतीची बैठक

दुसरा व्यायाम फारसा परिचित नाही आणि म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे. पाठ भिंतीला टेकवून, पाय खांद्याइतके अंतर ठेवून भिंतीपासून सुमारे दोन फूट पुढे ठेवावयाचे आणि पाठ न उचलता खाली सरकत जाऊन, जणू खुर्चीवर बसलो आहोत अशा स्थितीत स्थिर राहावयाचे. तालमीतील बैठकांत खाली-वर होणे असते. येथे हालचाल मुळीच नाही, स्नायू ताणलेले राहतात एवढेच. दोन मिनिटे स्थिर राहावे, दोन मिनिटे उभे राहून विसावा घ्यावा. असे चार वेळा. सारे मिळून चौदा मिनिटे, आणि आठवड्यातून तीन दिवस पुरे.

२०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात निरनिराळ्या व्यायामांच्या २७० चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५,८२७ व्यक्तींचा समावेश होता. चालणे, धावणे, सायकल यांसारख्या व्यायामांनी वरचा आकडा सरासरीने सुमारे ४.५ मिलिमीटरने उतरला. अशा स्थिर ताणाच्या व्यायामांनी तो सुमारे ८.२ मिलिमीटरने उतरला आणि त्यांतही भिंतीच्या बैठकीचा गुण अधिक दिसला. या चाचण्यांपैकी पुष्कळ लहान व थोड्या आठवड्यांच्या होत्या हे लक्षात ठेवावे. या आकड्यांवरून चालणे सोडून भिंत धरावी असा अर्थ कोणी काढू नये. चालण्याने वजन, साखर आणि हृदय यांना होणारे लाभ भिंत देत नाही. पावसाळ्यात, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आठ-आठ दिवस झड लागून घराबाहेर पडणे मुश्किल होते, तेव्हा मात्र घरातील भिंतीचा मोठा आधार आहे.

याची कार्यपद्धतीही थोडी वेगळी आहे. ताणलेल्या मांडीच्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ताण सोडताच तेथे रक्ताचा लोट धावतो आणि वाहिन्या रुंदावतात. ही दाबणे-सोडण्याची क्रिया आठवडेच्या आठवडे घडत राहिली, की वाहिन्या लवचीक होऊ लागतात. परंतु ताण चालू असताना रक्तदाब तात्पुरता वाढतो. म्हणून सावधगिरीच्या दोन गोष्टी. ज्यांचा वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० यांच्या पुढे आहे, ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे, अर्धांगवायू अथवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हा व्यायाम करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे श्वास रोखू नये. त्यासाठी सोपी युक्ती अशी की ताण चालू असताना मोठ्याने पाढे म्हणावेत. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, आणि शाळेच्या व्हरांड्यात आजोबा एकोणतिसाचा पाढा म्हणताना अडखळले तर नातवाला दुरुस्त करण्याचा आनंदही मिळतो.

पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतात. त्या वेळी फार खाली सरकू नये. भिंतीवर थोडे उंच राहून अर्ध्या मिनिटाने आरंभ करावा व महिन्याभरात दोन मिनिटांपर्यंत जावे. गुडघे दुखत असतील त्यांनी कापडाची घट्ट गुंडाळी किंवा रबरी चेंडू मुठीत धरून, आपल्या पूर्ण जोराच्या सुमारे एक तृतीयांश जोराने दोन मिनिटे दाबून ठेवावा. हाही त्याच जातीचा व्यायाम आहे.

शवासन

तिसरा व्यायाम आपल्या घरचा आहे. पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेतील उपकरणांनी करण्याचा पायंडा पाडला. याच परंपरेतील डॉ. विनेकर आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. रुग्ण रोज अर्धा तास उताणे पडून, संथ व तालबद्ध श्वास घेत, नाकपुड्यांशी होणाऱ्या हवेच्या स्पर्शाकडे लक्ष देत. काहींचा दाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. हा निबंध १९६९ मध्ये परदेशातील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुलनेसाठी शवासन न करणारा वेगळा गट त्यात नव्हता, ही त्याची उणीव म्हणता येईल. पुढे इंग्लंडमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून १९७५ मध्ये अशाच पद्धतीची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हाही शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब अधिक उतरलेला आढळला.

शवासनाला सतरंजी आणि शांत कोपरा याखेरीज काही लागत नाही. मात्र योगासने म्हणजे सर्वच रक्तदाबाला हितकर, अशी समजूत करून घेऊ नये. शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोके खाली ठेवण्याची आसने, श्वास कोंडून धरण्याचा कुंभक आणि जोरजोराने श्वास फेकण्याच्या क्रिया उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने करू नयेत.

गोळी आणि व्यायाम

पाच-आठ मिलिमीटरने असे काय होते, असे कोणी विचारील. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये ४८ औषधचाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वरचा आकडा ५ मिलिमीटरने उतरला, तर हृदयविकार व अर्धांगवायू यांसारख्या मोठ्या आघातांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तेव्हा व्यायामाचे फळ लहान दिसले तरी ते उपेक्षणीय नाही. परंतु ज्याचा दाब १७० आहे त्याचा तो केवळ चालण्याने १३० वर येणार नाही, हेही त्याच हिशेबावरून स्पष्ट होते. त्याला गोळी लागते.

या ठिकाणी घडणारा घोटाळा गावोगाव सारखाच आहे. गोळीने दाब उतरतो, आकडा बरा दिसतो, माणूस म्हणतो, ‘आता बरा झालो’, आणि गोळी बंद करतो. व्यायाम सुरू केलेला माणूस तर अधिकच विश्वासाने बंद करतो. दाब उतरलेला असतो तो गोळी चालू असल्यामुळे. ती थांबली की तो परत चढतो. मात्रा कमी करावयाची तर ती डॉक्टरांनी, अनेक महिन्यांच्या नोंदी पाहून. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा आरंभ २०१७ मध्ये झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे निवडले गेले. ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि गैरहजर रुग्णाचा पाठपुरावा यांवर त्यात भर होता. औषध एका वेळी महिनाभराचे द्यावे, हे त्यातील तत्त्व डोंगरपट्ट्यातील वाड्यांना फार मोलाचे आहे. ओढ्यांना पूर येऊन वाट तुटण्यापूर्वी पुढील महिन्याच्या गोळ्या घरात असाव्यात.

मिठाचा उल्लेख ओघाने करावयास हवा. दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ठेचा, पापड, लोणचे, सुकट आणि हल्ली दुकानातील वेफर्सच्या पुड्या यांतून ती भाकरीला हात लावण्याआधीच ओलांडली जाते. व्यायाम करून मीठ तसेच ठेवणे म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्याने सांडण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

यातील बऱ्याच गोष्टी एकट्या रुग्णाच्या हातातील नाहीत, म्हणून हा विषय ग्रामपंचायत सदस्यांपुढे मांडण्याचे प्रयोजन. शाळा सुटल्यावर तासभर पटांगणाचे फाटक उघडे ठेवणे, ही बाब शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाने होण्यासारखी आहे. कडेचे गवत कापणे, एक-दोन दिवे बसविणे, फेरीचे अंतर दोरीने मोजून चुन्याने आखणे, यांना मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्याच्या सदराखाली ते घेता येईल. दिव्यांचे महत्त्व बिबट्याच्या गावात अधिकच. स्त्रियांसाठी निराळी वेळ ठेवली आणि बचत गटाची बैठक त्याच वेळी तेथेच भरविली, तर संकोच पुष्कळसा जातो. बैठकीआधी वीस-पंचवीस फेऱ्या. हिशेबाच्या वह्या नंतर उघडाव्यात.

शिक्षकांकडे आणखी एक काम सोपविण्यासारखे आहे. वरच्या वर्गातील मुलांनी आपल्या आजी-आजोबांच्या चालण्याचे दिवस वहीत मांडावेत. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी पटांगणावर येऊन रक्तदाब मोजला आणि आकडे प्रत्येकाच्या कार्डावर लिहून दिले, तर चालणाऱ्याला आपल्या कष्टाचे फळ डोळ्यांनी दिसते. फेऱ्या मारून झाल्यावर लगेच मोजू नये. आधी मोजावे व मग चालावे, अन्यथा आकड्यांची तुलना होत नाही.

चालताना किंवा भिंतीशी असताना छातीत दडपण, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणारी कळ, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्या माणसाला पाणी पाजीत, वारा घालीत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरपट्ट्यातील अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीला संकेत मिळत नाहीत. तेथे कोणत्या टेकडीवर किंवा कोणाच्या अंगणात ते मिळतात आणि रात्री मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत कोणाची गाडी निघू शकेल, हे वाडीने आधीच ठरवून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे.